हेंडगा आणि बी-कॉम्प्लेक्स

वैजनाथच्या अंगात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच आणि डी तर औषधालासुद्धा नाही, असं उमरग्याच्या डॉक्टर अर्पिता यांनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं. ऐकून त्याला आधी राग आला आणि मग इतका आनंद झाला की डॉक्टर चपापल्या. एवढं वाईट ऐकून हसणारा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता.

राग येण्याचं कारण साधं होतं. वैजनाथ सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, आणि त्याच्याकडे टेबल होतं टंचाईचं. कुठल्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा, कुठलं गाव उगीच रडतंय, हे त्याच्या शेऱ्यावर ठरे. अशा माणसाच्या स्वतःच्या अंगात टंचाई निघावी आणि ती त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावी, हे त्याच्या मानाला लागलं.

आनंदाचं कारण येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आपल्याकडची बाजारपेठ ओस पडते आणि सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोपी म्हणजे छोटी खोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी नावाची मिश्र भाजी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि दिवस मावळताना हेंडगा. हेंडगा म्हणजे पाचटाची घट्ट बांधलेली पेंडी. ती पेटवायची आणि घरातल्या एकानं हातात धरून, न थांबता, सगळ्या रानाला पळत फेरी घालायची. वैजनाथच्या घरी हा मान वर्षानुवर्षं त्याचे चुलते आण्णासाहेब यांचा. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून त्यांनी थोरला पुतण्या या नात्यानं हेंडगा वैजनाथच्या हाती दिला आणि वैजनाथ निम्म्या वाटेत बांधावर बसला. नुसता बसला नाही, त्यानं पाणीही मागितलं. तेव्हा धाकटा चुलतभाऊ रणधीर पळत आला, त्याच्या हातातून हेंडगा घेतला आणि राहिलेली फेरी पुरी केली. शिवारातल्या प्रत्येक कोपीतून ते दृश्य स्पष्ट दिसत होतं, हे वैजनाथला नंतर वर्षभर प्रत्येक कोपीवाल्यानं भेटून सांगितलं.

आता कळलं की दोष त्याचा नव्हताच. तो आळशी नव्हता, म्हातारा तर मुळीच झाला नव्हता. बांधावर वैजनाथ बसला नव्हता, त्याचा बी-बारा बसला होता. आणि जे कमी आहे ते भरून काढता येतं, ही तर त्याची आयुष्यभराची नोकरी. येत्या येळवशीला हेंडगा आपण पुरा फिरवायचा, असं त्यानं दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ठरवलं.

डॉक्टरांनी सांगितलेले उपाय अगदी मोजके होते. बी-बाराची रोज एक गोळी, डीची आठवड्याला एक, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. रोज चालायचं, दूध-दही खायचं, आणि अंगावर ऊन घ्यायचं. त्यांनी बजावून सांगितलं की गोळी जेवणाच्या जागी नसते; जेवणात जे कमी पडलंय आणि तपासणीत दिसलंय, तेवढंच गोळीनं भरायचं. वैजनाथनं मान हलवली, पण त्याचं लक्ष रिपोर्टवरच्या आकड्यांकडे होतं.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. शेजारचे धुळाप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी आयुष्यभर गर्दीत उभं राहून लोकांचं बोलणं ऐकलेलं असल्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे. त्यांचं म्हणणं पडलं की व्हिटॅमिन कधीही, कुणीही, कितीही घ्यावं. गाडी भरलेली असली म्हणून पॅसेंजर सोडायचा नसतो, पुढं कुठंतरी तो उतरतोच. समोरच्या घरातून शेवग्याचा पाला आला. मागच्या घरातून अळशीची चटणी आली. कुणी सांगितलं की भिजवलेल्या मेथ्यांत सगळं असतं, कुणाच्या मेहुण्यानं तर नुसतं गाजर खाऊन चष्मा सोडला होता, आणि सोडल्यावर मोटारसायकल कशाला धडकवली तेही ओघानं कळलं.

वैजनाथनं मोबाइलवर वाचून घेतलं होतं, त्यामुळे तो प्रत्येकाला दुरुस्त करी. पालेभाजीत लोह आहे, ए आहे, सी आहे, पण बी-बारा नाही. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मांसात असतं. ही माहिती द्यायला त्याला मनापासून आवडे. फक्त अंड्याच्या शब्दापाशी त्याचा आवाज जरा खाली येई, कारण त्याच्या घरात तीन पिढ्यांत अंडं आलेलं नव्हतं. धुळाप्पांनी मागच्या दारानं येऊन उकडलेलं अंडं खाऊन जायचं निमंत्रण दिलं. वैजनाथची बायको दीपाली ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली की खायचं तर पुढच्या दारानं आणून, पाटावर बसून खा, मी उकडून देते. एवढ्या उघडपणे खाण्याइतका बी-बारा वैजनाथच्या अंगात नव्हता. त्यानं दह्याची वाटी पुढं ओढली.

गोळ्यांची पेटी दीपालीनं ताब्यात घेतली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती. डॉक्टरांनी एक सांगितली की हा दोन घेणार, म्हणून तीच रोज सकाळी एक गोळी तळहातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

खरा घोळ झाला उन्हाचा. सकाळचं कोवळं ऊन फारसं कामाचं नाही, दहा-अकराच्या पुढचं हवं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. दहा-अकराच्या पुढं तर सरकारी माणूस कचेरीत असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. दुसरा कुणी असता तर चहाच्या निमित्तानं बाहेर जाऊन ऊन खाऊन आला असता. पण वैजनाथनं इतकी वर्षं नियमानं टंचाई वाटली होती. त्यानं साहेबांना रीतसर अर्ज दिला की वैद्यकीय सल्ल्यानुसार कार्यालयीन वेळेत उन्हात बसण्याची परवानगी मिळावी.

साहेब नवे होते आणि सावध होते. त्यांनी अर्जावर शंका काढल्या. उन्हात बसणे हे कर्तव्य समजायचे की रजा? ऊन कोणत्या जागी घेणार? ढगाळ दिवसाचे काय? वैजनाथनं जागा म्हणून कचेरीची गच्ची सुचवली. गच्ची दुसऱ्या खात्याच्या ताब्यात निघाली. त्या खात्यानं कळवलं की गच्चीवर माणूस बसवल्यास इमारतीवर भार येईल काय, याची आधी पाहणी करावी लागेल. पाहणीला माणूस आला, त्यानं वैजनाथला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं आणि वहीत वजनाचा अंदाज टिपून निघून गेला. हा अपमान वैजनाथनं रात्री जेवताना दीपालीला सांगितला, तेव्हा ती उठून भाकरी बघायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. टंचाईचं टेबल खुर्चीसकट बाहेर, अंगणात मांडायचं. लोकांचीही सोय आणि लिपिकाचंही ऊन. वैजनाथ हरखला. बाह्या दुमडून, पायजमा पोटरीपर्यंत वर घेऊन तो भर उन्हात शेरे मारू लागला. पण बाहेरून येणाऱ्याला काय दिसे? इतकी वर्षं आत पंख्याखाली बसलेल्या भाऊसाहेबांना साहेबांनी टेबलासकट बाहेर काढलंय. पहिल्याच दिवशी लोक हळहळू लागले. एका सरपंचांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की चौकशीत काही निघणार नाही, धीर सोडू नका. धुळाप्पा तर मुद्दाम रस्ता वाकडा करून आले, लांबूनच हात जोडले आणि कॉलनीत जाऊन सांगितलं की खातं कुठलंबी असो, पडता काळ कुणाला चुकला न्हाय.

वैजनाथनं मग टेबलावर जीवनसत्त्वांची माहिती सांगायला सुरुवात केली, निदान गैरसमज तरी दूर व्हावा. टँकर मागायला आलेल्या माणसाला आधी डी म्हणजे काय ते कळे, मग टँकरचं बघितलं जाई. आणि गंमत म्हणजे लोकांना ते आवडलं. कुणाच्या बायकोच्या हातापायांना मुंग्या येत, कुणाच्या आईचं पाऊल जड झालेलं. वैजनाथ त्यांना तपासणी करून घ्यायला सांगे आणि दोघाचौघांचं खरंच कमी निघालं. त्याचं नाव झालं. लोक अंगणात येऊन गोळीवाले भाऊसाहेब कुठं बसतात असं विचारू लागले, आणि काढून टाकलेला माणूस अशी जी अवकळा त्याच्यावर आली होती ती उतरली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला स्वतःला बरं वाटू लागलं. अगदी खरंच. जिना चढताना मधे थांबून भिंतीवरची जाहिरात वाचायची गरज उरली नाही. सकाळी कॉलेजच्या मैदानावर तो आधी चालू लागला आणि मग पळू लागला. सराव खरा व्हावा म्हणून हातात खराटा धरून, डोक्याच्या वर उंच करून पळे. दोन फेऱ्या झाल्या की थांबे, कंबरेवर हात ठेवून आकाशाकडे बघे आणि एकटाच हसे. दिवाळी झाली तसा त्याचा उत्साह अंगात मावेनासा झाला, आणि तिथंच घात झाला.

उत्साही माणसाला आपल्याला जे मिळालं ते सगळ्यांना द्यावंसं वाटतं. वैजनाथच्या मनात आलं, यंदा येळवशीला सगळ्या शिवारालाच जीवनसत्त्व द्यायचं. येळवशीचा आपला रिवाज असा की त्या दिवशी कुणाच्याही रानात कुणीही जावं, आणि ज्याच्या कोपीपाशी जाऊ त्यानं दिलेलं नाही म्हणायचं नाही. एका घरचं पोटभर जेवण झालेलं असलं तरी पुढच्या कोपीत वाटीभर आंबील घ्यावीच लागते, नाहीतर त्या घरच्या लक्ष्मीचा अवमान होतो. त्यानं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची खोकी आणली आणि शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याला देऊन ठेवली. येईल त्या पाहुण्याला आंबिलीच्या वाटीबरोबर एक गोळी द्यायची, एवढंच.

दीपालीनं त्याला अडवून पाहिलं.

"ज्याला कमी आहे त्यानंच घ्यायची, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना? मग तपासल्याबिगर सगळ्या गावाला कशाला वाटायलाव?"

वैजनाथनं तिला समजावलं की ए, डी, लोह असलं काही त्यात नाही, ते जास्त झालं तर अंगात साठून बाधतं. हे बी कुटुंबातलं. पाण्यात विरघळतं, साठत नाही, भीती नाही. हे बहुतेक बरोबर होतं. साठत नाही तर जातं कुठं, एवढाच प्रश्न त्याला पडला नाही.

येळवस उजाडली ती निरभ्र. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभरा घाट्याला आलेला. आण्णासाहेबांनी कोपी बांधून तयार ठेवली होती आणि चुलती कडूबाई यांनी तिच्यावर आपली हळदी रंगाची शाल टाकली होती. कडूबाईंच्या भज्जीची ख्याती दोन-तीन शिवारांत होती. तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, पातीचा कांदा, गाजर, बोरं, चिंच, बेसन आणि आंबट ताक. वैजनाथनं त्यांना विचारलं की हरभऱ्याचा पाला नेमका किती घालता, त्यावरून सी किती ते काढता येईल.

"मूठभर," कडूबाई म्हणाल्या.

त्यानं विचारलं, कुणाची मूठ. कडूबाईंनी उलथणं थांबवून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं शास्त्र तिथंच आवरतं घेतलं.

पूजा झाली, 'ओलगे ओलगे' असा पुकारा करत आंबील रानाला शिंपडून झाली आणि माणसं जेवायला बसली. काय जेवली म्हणून सांगावं. मग फिरणं सुरू झालं. या कोपीतून त्या कोपीत, वाटीभर आंबील, चिमूटभर भज्जी, एक गोळी. कुणीच नको म्हणेना. उलट गोळी हातावर पडली की लोक ती कपाळाला लावून प्रसादासारखी तोंडात टाकत. बायकांचे हात पिठाचे होते, त्या मागनं घेतो म्हणाल्या आणि त्यांना वेळच मिळाला नाही. आण्णासाहेब कोपीतून उठलेच नाहीत, आणि आपल्या घरची गोळी आपण काय घ्यायची म्हणून त्यांनी ती पानाच्या डब्यात ठेवून दिली. दीपालीच्या नजरेआड गेलेला वैजनाथ मात्र प्रत्येक कोपीत एकेक घेत गेला. रणधीरनं तर, दादांपेक्षा कमी पडायला नको म्हणून, दोन-दोन घेतल्या. दुपारी वैजनाथनं बांधावर उभं राहून शिवारावर नजर फिरवली. सगळीकडून माणसं त्याला हात करत होती. इतका सुखी तो लग्नातही नव्हता.

ऊन कलायला लागलं तेव्हा धुळाप्पा ज्वारीच्या आडून बाहेर आले. गेले होते झपझप, आले ते पाऊल मोजत. त्यांनी वैजनाथला खुणेनं बाजूला घेतलं.

"वैजनाथ, घरी कळवू नको. मला कावीळ झाली."

वैजनाथनं विचारलं, कशावरून. धुळाप्पांनी ज्वारीकडे बोट केलं आणि नुसतं हळदीचं पाणी एवढंच म्हणाले. वैजनाथ त्यांना धीर देत होता तोवर दुसऱ्या बाजूनं रणधीर आला. पैलवानी अंगाचा रणधीर, पण तो येऊन कोपीत आडवाच झाला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून घेतला. त्याचीही तीच तक्रार, आणि त्याची तर धुळाप्पांहून जर्द. मग शेजारच्या रानातून एकजण आला, मग दोघं. लोक एकमेकांच्या पापण्या खाली ओढून डोळे बघू लागले. कोपीवरच्या शालीतून उन्हाचा जो उजेड आत येत होता, त्यात प्रत्येकाचे डोळे पिवळे दिसत होते. ज्याला काहीच झालं नव्हतं तोही आत डोळे दाखवायला आला आणि कावीळ घेऊन बाहेर पडला.

वैजनाथ शांतपणे हरभऱ्याच्या कडेनं लांब गेला, आणि परत आला तोही पाऊल मोजतच. त्याचंही तेच होतं.

कुणीतरी दबक्या आवाजात आंबील बाधली असेल म्हणालं. कडूबाई हातातला पळा घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं काहीच नाही, पण तो माणूस घाईनं म्हणाला की आंबिलीचं नाव मी घेतलंच नाही. मग बायका तेवढ्या ठणठणीत आहेत हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. बायकांनी काय खाल्लं नाही? गोळी. गोळी कुणाची? ते शिवारात सगळ्यांनाच माहीत होतं.

इकडं दिवस बुडायला आला. कडूबाईंनी रीतीप्रमाणे मडक्यातलं दूध उतू घातलं. आण्णासाहेबांनी हेंडगा काढला, कोपीच्या दाराशी उभा केला आणि हाक मारली. रणधीर पडल्या पडल्या म्हणाला की माझं काही खरं नाही, बैलांकडं तेवढं बघा. बाकीचे गडी डोळे मिटून बसलेले. हेंडगा न फिरता राहिला असं त्या रानात कधी झालेलं नव्हतं. आण्णासाहेब दोन पावलं पुढं आले. त्यांनी बांधाकडे पाहिलं. तिथं वैजनाथ एकटाच उभा होता. इतके दिवस ज्या क्षणासाठी खराटा घेऊन पळालो तो क्षण आला आणि आपण आजारी, गावाला आजारी पाडलं ते वेगळंच. त्याला रडू येईल असं वाटलं.

"वैजा," आण्णासाहेब म्हणाले, "तुला बी झालंय का?"

"व्हय, आण्णा."

"मग बसतोस का?"

वैजनाथ उत्तर देणार एवढ्यात त्याला पलीकडच्या बांधावरून माणसं येताना दिसली. पुढं धुळाप्पा, मागं शेजारच्या रानांतली मंडळी, आणि काहींच्या हातात काठ्या. धुळाप्पा लांबूनच हात वर करून म्हणत होते की थांब, तुला जाब विचारायचाय. वैजनाथनं कोपीच्या दाराशी झेप घेतली, हेंडगा उचलला, पूजेच्या दिव्यावर धरला, पाचट भडकलं आणि तो सुटला.

सुटला म्हणजे सुटलाच. डाव्या हाताला ज्वारी, उजव्या हाताला बांध, डोक्यावर जाळ. मागून माणसं ओरडत होती, त्यांच्या पायांचा धबधब आवाज येत होता. तो आवाज जवळ आला की वैजनाथ आणखी जोरात पळे. कोपरा आला, वळला. ओढ्याकडची बाजू आली, तीही गेली. मागच्या वर्षी जिथं बसला होता तो बांध कधी मागं पडला हे त्याला कळलंही नाही. आजूबाजूच्या रानांतून लोकांना एवढंच दिसलं की आण्णासाहेबांच्या हेंडग्यामागं यंदा अर्धं गाव पळतंय. त्यांनाही राहवेना. त्यांनी आपापले हेंडगे पेटवले आणि तेही निघाले. सगळं शिवार जाळाच्या ठिपक्यांनी हलू लागलं. कोपीत पडलेल्या रणधीरला तो गलका सहन होईना. तो उठला, टॉवेल फेकला आणि पळणाऱ्यांत सामील झाला. वैजनाथच्या छातीत भीती होती, पण तिच्या जोडीनं दुसरंही काहीतरी उसळत होतं, आणि शेवटच्या वळणावर त्याच्या तोंडून मोठ्यानं हर हर महादेव निघालं. मागच्या सगळ्यांनी, अगदी काठीवाल्यांनीसुद्धा, त्याला साथ दिली.

फेरी कोपीशी येऊन पुरी झाली. तिथं डॉक्टर अर्पिता उभ्या होत्या. वैजनाथनंच त्यांना आंबिलीला बोलावलं होतं आणि वाटेतल्या ओळखीच्यांनी न सोडल्यामुळं त्या आत्ता पोचत होत्या. धापा टाकणारे दहा-वीस जण त्यांच्याभोवती जमले आणि एकाच वेळी कावीळ, कावीळ म्हणू लागले. डॉक्टरांनी मोबाइलची बत्ती लावली, पुढच्या दोघाचौघांचे डोळे पाहिले. मग वैजनाथच्या खिशातून डोकावणारं रिकामं पाकीट काढून वाचलं.

"कावीळ झालेली माणसं अशी पळत नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणी किती घेतल्या?"

कुणालाच नेमकं सांगता येईना. डॉक्टर हसू लागल्या, आणि हसून झाल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं. या गोळीत बी-दोन असतं, त्याचा रंगच पिवळा. अंगाला हवं तेवढं अंग घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. भरपूर पाणी प्या, उद्यापर्यंत सगळं जागेवर येईल. मग मात्र त्यांचा आवाज कडक झाला. आज बी होतं म्हणून निभावलं. ए किंवा लोह असं चुरमुऱ्यांसारखं वाटलं असतं तर मी इथं हसत उभी नसते. आज इथं तुम्ही जे जेवलात, एवढ्या डाळी, एवढा पाला, ताक, त्यातून बहुतेकांना बहुतेक सगळं मिळतं. ज्याला काही कमी वाटतं त्यानं तपासून यावं, मी सांगेन ते घ्यावं आणि सांगेन तेवढंच घ्यावं. वैजनाथ मान खाली घालून ऐकत होता.

धुळाप्पांनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं की त्यांना पहिल्यापासूनच कावीळ वाटत नव्हती. काठ्या आपोआप बांधाला टेकल्या गेल्या, आणि कडूबाईंनी विचारलं नसतानाही तिघाचौघांनी आंबील फार चांगली झाली होती असं सांगितलं. माणसं ताटं घेऊन बसू लागली. पळून आल्यामुळं सगळ्यांना पुन्हा सपाटून भूक लागली होती.

वैजनाथच्या हातात हेंडग्याचं जळून उरलेलं बुड अजून तसंच होतं. आण्णासाहेब काठी टेकत त्याच्यापाशी आले आणि त्यांनी ते आपल्या हातात घेतलं. तेव्हा कुठं वैजनाथला उमजलं की फेरी पुरी झाली, आणि आपण कुठंही बसलो नाही. त्याचे डोळे भरून आले. दीपाली जवळच होती. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची राख पुसली आणि हात तसाच थोडा वेळ त्याच्या डोक्यावर राहू दिला.

"वैजा, खरं सांग," आण्णासाहेब म्हणाले. "गोळ्यांनी पळालास का भ्यानं?"

वैजनाथनं मान वर केली. डॉक्टर समोर होत्या, बी-बाराचं थोडं श्रेय बुडत होतं.

"भ्यानं, आण्णा."

"चालतंय. पुढल्या साली बी हेंडगा तुझाच," आण्णासाहेब म्हणाले. "फकस्त ह्या लोकांना काय चारायचं ते आतापासून बघून ठेव. न्हायतर मागं पळणार कोण?"